मागच्या स्प्रिंगची रबरं बसवण्याआधी काय काय जमवायचं

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळींना आणायला गाडी गच्च भरून जाणार. त्याआधी मागच्या स्प्रिंगच्या वर-खाली बसणारी रबरं बदलून मागची खडखड काढायची असेल, तर सामान आधी जमवा, गाडी मग उचला.

पहिली गोष्ट दुसरा जॅक. गाडीसोबत आलेला कैची जॅक यात मोजू नका, तो बॉडीखाली लागतो. मागच्या बीमखाली, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याखाली, लावायला वेगळा बाटली जॅक हवा. ट्रॅक्टरवाल्याकडे असतो, आदल्या दिवशीच मागून आणा. गेल्या वेळी मी तो आणला नव्हता. शॉकअपचा खालचा बोल्ट सुटला आणि बीम धाडकन खाली आला. ब्रेकचा होज पाइप इतका ताणला गेला की तोही बदलावा लागला.

हे काम स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा असलेल्या गाड्यांचं आहे. शॉकअपभोवतीच स्प्रिंग असेल, तर घरी हातही लावू नका. दाबलेली स्प्रिंग उसळली की हात-तोंड काही बघत नाही. ती उघडायला स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार लागतं, ते काम गॅरेजचंच.

टॉर्च घेऊन खाली वाका. रबर गेलेलं असेल तिथे स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं थेट पत्र्यावर घासतं. रंग उडून चकचकीत चंद्रकोर पडलेली दिसते, कडेला गंज. वरची आणि खालची जागा, दोन्ही बाजूंना बघा. बहुतेक गाड्यांत वरचं रबर वेगळं, खालचं वेगळं, आणि जे गळून पडलंय त्याचा नमुना दुकानात दाखवणार कुठून? म्हणून आरसी बुक सोबत न्या, चेसिस नंबरवरून पार्ट काढायला सांगा. चारही घ्या. एका बाजूचं गेलंय तर दुसऱ्या बाजूचंही फार दिवस टिकत नाही.

जागा सिमेंटची. काळ्या मातीच्या अंगणात जॅक रुततो, दुसरं काही नसेल तर खाली जाड फळी टाका. काम पहाटे धरा. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, अकरानंतर पान्याला हात लावता येत नाही. डिकी रिकामी करा, खताची गोणी राहिली असेल तर तीही काढा.

हँडब्रेकवर विसंबू नका. तो मागच्या चाकांना धरतो आणि मागची चाकंच हवेत असणार. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. बॉडीखाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

शॉकअपच्या खालच्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारा. पाने, पान्याला जोर द्यायला लांब पाइप, तारेचा ब्रश, आणि रबर बसवताना लावायला साबणाचं पाणी जमवा. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, रबर फुगतं.

आणि दुसरा जॅक आणलात ना? बोल्टला पाना लावायच्या आधी तो बीमला टेकलेला हवा. बोल्ट काढल्यावर त्यानेच बीम हळूहळू उतरवायचा, नजर होज पाइपवर. स्प्रिंग हाताने निघेल इतकंच खाली. बसवतानाही तोच लागतो. बीम वर उचलल्याशिवाय शॉकअपचं भोक बोल्टच्या रेषेत येत नाही, कितीही जोर लावा.

स्प्रिंग काढताना वरची बाजू खडूने खुणवून ठेवा. गंज ब्रशने काढा, रंगाचा हात द्या, वाळू द्या. रबराला पायरी असते, स्प्रिंगचं टोक तिलाच टेकलं पाहिजे. बोल्ट आधी अर्धवट आवळा. गाडी चाकांवर उतरली की मग पूर्ण, नाहीतर शॉकअपच्या भोकातला रबरी बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. दुसरी बाजू तशीच. चाकांचे नट आवळा, ब्रेक दाबून बघा, एक चक्कर मारून आल्यावर नट पुन्हा आवळा.