गोव्याच्या पावसात तैलचित्राची प्रत जपताना

वास्को द गामा कालिकतला झामोरिनच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, दरबारात उभा आहे, ते पोर्तुगीज चित्रकार व्हेलोझो साल्गादोचं १८९८ चं चित्र लिस्बनमध्ये आहे. अशा चित्राची प्रत घरी लावायची असेल, तर आधी ती खरंच हाताने रंगवलेली आहे का ते पाहा. मोबाईलचा टॉर्च कडेने तिरपा धरा आणि भिंग लावा. बारीक ठिपके दिसले, तर ती छपाई. छापील कॅनव्हासवर पारदर्शक जेलचे फटकारे मारूनही विकतात, म्हणून चित्रातल्या आकृतीची कड आणि कुंचल्याची रेघ एकमेकींना धरून जातात का, हे नीट बघा.

खरी काळजी पावसाळ्यात. चिऱ्याची बाहेरची भिंत ओल धरते, तिथे चित्र नकोच. आतल्या भिंतीवर लावा. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे अर्धा इंच जाड तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो. जूनमध्ये कॅनव्हास सैल वाटला तरी मागच्या कोपऱ्यातल्या, कॅनव्हास ताणणाऱ्या लाकडी पाचरी ठोकू नका. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की तो ताणला जातो आणि रंगाला तडे जातात. प्लास्टिकमध्ये तर कधीच गुंडाळू नका, आत बुरशी धरते. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनेच झटका.