रुद्र म्हणजे अकरा: शब्दांत दडलेले आकडे कसे सोडवावेत

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथावर पुढे कित्येक पिढ्या पंचांगं केली गेली. त्यातलं गणित असं सुरू होतं: 'द्व्यब्धीन्द्रोनितशक ईशहृत्'. अर्थ असा, की शकातून १४४२ वजा करा आणि ११ ने भागा. ओळीत अंक एकही नाही. द्वि म्हणजे २, अब्धी म्हणजे ४, इंद्र म्हणजे १४, ईश म्हणजे ११. हाच ईश कर्नाटक संगीतात 'रुद्र' या नावाने मेळांच्या (आपल्या थाटांसारख्या स्वररचनांच्या) अकराव्या चक्रावर, म्हणजे गटावर, बसलेला आहे, आणि जुन्या पोथीच्या शेवटी रचनेचा शक सांगतानाही तो अकराच मोजला जातो. ज्योतिष, काव्य आणि संगीत या तिघांना पुरणारी ही एकच किल्ली आहे. ती दोन पद्धतींची आहे: भूतसंख्या आणि कटपयादी.

भूतसंख्या: वस्तूंच्या नावांनी अंक

जगात जी गोष्ट ठरावीक संख्येने असते, तिचं नाव म्हणजे ती संख्या. डोळे दोन म्हणून नेत्र २, ऋतू सहा म्हणून ऋतू ६. समानार्थी शब्द कोणताही चालतो. कवीला वृत्तात बसेल तो शब्द मिळावा, ही त्यातली सोय. वारंवार भेटणारे शब्द असे:

० – ख, गगन, अंबर, पूर्ण
१ – इंदू, शशी, भू, मही
२ – नेत्र, बाहू, पक्ष, यम
३ – अग्नी, हुताशन, गुण, राम
४ – वेद, अब्धी, सागर, युग
५ – बाण, शर, भूत, इंद्रिय
६ – रस, ऋतू, अंग
७ – ऋषी, मुनी, अद्री, अश्व, स्वर
८ – वसू, गज, वारण, अही
९ – अंक, नंद, छिद्र, ग्रह
दोन अंकी – दिशा १०, रुद्र ११, आदित्य १२, विश्व १३, इंद्र आणि मनू १४, तिथी १५, नृप १६, नख २०, जिन २४, तत्त्व २५, भ (नक्षत्र) २७, दंत ३२, देव ३३

छंदांची नावंही इथे अंक होतात. त्रिष्टुभाच्या चरणात अकरा अक्षरं म्हणून त्रिष्टुभ् ११, जगती १२, धृती १८, कृती २०. ज्याला छंदःशास्त्र येतं त्याला ज्योतिषाची अर्धी यादी आधीच पाठ असते.

ओळ सोडवताना आधी संधी फोडा आणि प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर लिहा. हे काम मनातल्या मनात करू नका. बहुतेक चुका इथेच होतात. मग प्रत्येक शब्दासमोर त्याचा अंक मांडा. त्यानंतर 'अङ्कानां वामतो गतिः' हा नियम लावा: पहिला शब्द एकम स्थानी, दुसरा त्याच्या डावीकडे, असं उजवीकडून डावीकडे जा.

भास्कराचार्यांनी स्वतःचा जन्मशक सांगितला आहे: 'रसगुणपूर्णमही'. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. उलट लावले की १०३६, म्हणजे इ.स. १११४. पुढच्या चरणात 'रसगुणवर्षेण', म्हणजे छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणी' रचल्याचं ते सांगतात. १०३६ मध्ये ३६ मिळवले की शके १०७२, इ.स. ११५०. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. 'पूर्ण' हा शब्द भरलेपणाचा, पण अंक शून्य. आणि 'रस' म्हणजे जिभेचे षड्रस. काव्यातले नऊ रस मनात धरले तर शक १०३९ होतो.

दोन अंकी शब्द आले की आणखी सांभाळायला लागतं. केरळच्या संगमग्रामचे माधव यांची परिघाची ओळ घ्या: 'विबुधनेत्रगजाहिहुताशनत्रिगुणवेदभवारणबाहवः'. फोड अशी: विबुध (देव) ३३, नेत्र २, गज ८, अही ८, हुताशन ३, त्रि ३, गुण ३, वेद ४, भ २७, वारण ८, बाहू २. आता शब्दांचा क्रम उलटायचा, पण ३३ आणि २७ यांच्या आतले अंक आहेत तसेच ठेवायचे. २७ चे ७२ केले की सगळं बिघडलं. नीट मांडलं की २८२७४३३३८८२३३ मिळतात. व्यास 'नवनिखर्व', म्हणजे ९ वर अकरा शून्यं. भागाकार ३.१४१५९२६५३५९. π ची किंमत दशांशानंतर अकरा स्थळांपर्यंत बरोबर!

या ओळीत एक सापळा आहे. 'भवारण' दिसल्यावर 'भव' असं तोडायचा मोह होतो, कारण भव म्हणजे शंकर आणि शंकर म्हणजे ११. संधीच्या नियमाने ती फोड चालूनही जाते. पण मग 'अरण' उरतो आणि त्याचा अंक कुठल्याच यादीत नाही. फोड केल्यावर एखादा शब्द अंकाशिवाय उरत असेल, तर फोड चुकली असं समजा आणि मागे या.

'इंद्र' आणि 'इंदू' यांचीही अशीच गल्लत होते. झिजलेल्या पोथीत रकार पुसट असेल तर चौदाचा एक होतो आणि गणेश दैवज्ञांचा १४४२ चक्क १४२ होऊन बसतो. काही शब्द मुळातच दुहेरी आहेत. सागर बहुधा ४, पण कुठे ७. दिशा ४, ८ किंवा १०. लोक ३, ७ किंवा १४. पक्ष साधारण २, पण पंधरवडा धरला तर १५. अशा वेळी होणारे सगळे शक कागदावर मांडा आणि पुढची पडताळणी लावा.

शकाची पडताळणी

पोथीत शकाबरोबर बहुधा संवत्सराचं नाव असतं. शकात १२ मिळवा, ६० ने भागा. बाकी उरेल तो प्रभवपासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६: त्यात १२ मिळवून १६०८, ६० ने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरीच झाला. दक्षिणेत आणि महाराष्ट्रात चालणारं हे गणित आहे. उत्तरेकडच्या पोथीत संवत्सर पुढे सरकलेला असतो, तिथे ते लावू नका.

एका वर्षाचा फरक आला तर लगेच शब्द बदलायला जाऊ नका. काही लेखक गत (पूर्ण झालेला) शक देतात, काही वर्तमान (चालू), तेवढ्याने एक वर्ष हलतं. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते चैत्र पाडव्याआधीची असेल तर ७९.

प्रत्येक ओळीत कोडं शोधायचीही गरज नसते. ज्ञानेश्वरीचा 'शके बाराशतें बारोत्तरें' हा सरळ १२१२ आहे. तिथे काही उलटायचं नाही.

कटपयादी: अक्षरांनी अंक

इथे शब्दाच्या अर्थाशी संबंध नाही, व्यंजनाशी आहे. क ते झ १ ते ९ आणि ञ ०. ट ते ध १ ते ९ आणि न ०. प, फ, ब, भ, म १ ते ५. य, र, ल, व, श, ष, स, ह १ ते ८, आणि ळ ९. शब्दारंभीचा सुटा स्वर ०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. वाचायचं पुन्हा उजवीकडून डावीकडे.

केरळच्या 'करणपद्धती' या ग्रंथातली ओळ सरावाला उत्तम: 'चण्डांशुचन्द्राधमकुम्भिपालैः'. च ६, ण्डां मधला ड ३, शु ५, च ६, न्द्रा मधला र २, ध ९, म ५, कु १, म्भि मधला भ ४, पा १, लै ३. उलट लावा: ३१४१५९२६५३६. हा परिघ झाला. व्यास सांगणारा शब्द त्याहून बहारीचा आहे: 'अनूननून्नानननुन्ननित्यैः'. अ शून्य, सगळे न शून्य, आणि शेवटच्या त्यै मधला य १. मोजून दहा शून्यं आणि एक, म्हणजे १ वर दहा शून्यं. व्याकरणात बसणारा शब्द, आणि बोलताना जीभ सारखी न वर आपटते.

भक्तिकाव्यातही हीच पद्धत सापडते. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरींच्या 'नारायणीयम्'चा शेवट 'आयुरारोग्यसौख्यम्' या आशीर्वादाने होतो. आ ०, यु १, रा २, रो २, ग्य १, सौ ७, ख्य १. उलट १७१२२१०. हे कलियुगाच्या आरंभापासूनचे दिवस आहेत, आणि हिशोब केला की काव्य पुरं झाल्याची तारीख १५८६ च्या अखेरीस येते. शेवटच्या 'म्' ला स्वर नाही म्हणून तो मोजायचा नाही. तो मोजला की एक अंक वाढतो आणि काव्य पुढच्या कुठल्या तरी हजारो वर्षांनंतरच्या काळात जाऊन पडतं.

रागाच्या नावातून स्वर

१७व्या शतकात तंजावरला व्यंकटमखींनी 'चतुर्दण्डीप्रकाशिके'त ७२ मेळांची मांडणी केली. मेळांना कटपयादीत बसणारी नावं पुढे दिली गेली. त्यासाठी जुन्या रागनावांना उपपदं जोडली: शंकराभरणाला 'धीर', कल्याणीला 'मेच', तोडीला 'हनुम'. अर्थ शोधत बसू नका, ती अंकांसाठी आहेत. धी ९, र २, म्हणून २९. मे ५, च ६, म्हणून ६५.

नावाची पहिली दोन अक्षरं घ्या, अंक काढा, उलटा. मग ६-६ च्या गटांत तो कोणत्या चक्रात पडतो ते पाहा. बारा चक्रांची नावं म्हणजे वरची भूतसंख्याच: इंदू, नेत्र, अग्नी, वेद, बाण, ऋतू, ऋषी, वसू, ब्रह्म, दिशी, रुद्र, आदित्य. पहिल्या सहांत शुद्ध मध्यम, पुढच्या सहांत तीव्र. चक्राचा क्रमांक रे-ग सांगतो (सातपासून पुढे असेल तर त्यातून ६ वजा करा), आणि चक्रातला क्रम ध-नी सांगतो. आपल्या भाषेत रे-गच्या जोड्या अशा:

१ – कोमल रे, आणि गंधाराच्या जागी शुद्ध रे
२ – कोमल रे, कोमल ग
३ – कोमल रे, शुद्ध ग
४ – शुद्ध रे, कोमल ग
५ – शुद्ध रे, शुद्ध ग
६ – ऋषभाच्या जागी कोमल ग, आणि शुद्ध ग

ध-नीच्या सहा जोड्याही याच क्रमाने.

चारुकेशी घ्या. चा ६, रु २, म्हणजे २६. पाचवं चक्र बाण, त्यातला दुसरा मेळ. पाचवी जोडी शुद्ध रे, शुद्ध ग. दुसरी जोडी कोमल ध, कोमल नी. मध्यम शुद्ध. आपल्याकडे मैफलीत ऐकतो ती चारुकेशी हीच. आता ६५: अकरावं चक्र, रुद्र, त्यातला पाचवा. अकरातून सहा गेले पाच, म्हणजे शुद्ध रे-ग, शुद्ध ध-नी आणि तीव्र मध्यम. हा आपला कल्याण थाट. रोज यमन गाणारा रुद्राच्या घरातच बसलेला असतो!

नावांवरून मात्र घाई करू नका. हनुमतोडी (ह ८, न ०, म्हणजे ८ वा) हा आपला भैरवी थाट आहे. आपल्या तोडी थाटाचे स्वर शुभपंतुवराळीत मिळतात: शु ५, भ ४, मेळ ४५.

लिखाणातली चूकही बरीच महागात पडते. तमिळ लिपीत ट आणि ठ ला एकच अक्षर असल्यामुळे 'नटभैरवी' असं सर्रास लिहिलं जातं. तसं मोजलं तर न ०, ट १, उत्तर १०, आणि ती जागा नाटकप्रियाची आहे. खरं नाव नठभैरवी. ठ २, म्हणून २०, म्हणजे आपला आसावरी थाट. शंका आली की तेलुगू किंवा कन्नड लिपीतलं नाव पाहा.

सगळ्यात जास्त अडवतात ती जोडाक्षरं. रत्नांगी आणि षण्मुखप्रिया शेवटच्या व्यंजनाचा नियम पाळतात: त्न मधला न ०, म्हणून २, ण्मु मधला म ५, म्हणून ५६. पण चक्रवाक (१६) मध्ये क्र मधला क धरावा लागतो, दिव्यमणी (४८) मध्ये व्य मधला व, आणि श्यामलांगी (५५) मध्ये श्या मधला श. म्हणून रागाच्या नावात जोडाक्षर आलं की दोन्ही आकडे काढा, दोन्हींचे स्वर मांडा आणि पेटीवर वाजवून रागाशी ताडून पाहा. उत्तर ७२ च्या वर गेलं तर ते आपोआप बाद.

सिंहेंद्रमध्यमात हे स्पष्ट दिसतं. सि ७ आणि हे ८ धरले तर ८७, असा मेळच नाही. इथे अनुस्वार उच्चारात 'म्' होतो आणि तोच मोजला जातो: ७, ५, म्हणजे ५७. आता ५७ मधून ३६ वजा करा. उरतात २१, आणि कीरवाणी नेमका २१ वा (की १, र २). म्हणजे पेटीवर कीरवाणीचे स्वर धरा, शुद्ध मध्यमाची पट्टी सोडून शेजारची तीव्र मध्यमाची दाबा, बाकी एकही बोट हलवू नका. सिंहेंद्रमध्यम वाजू लागतो.