विद्यापीठातील परिषद आणि तिचे संकेतस्थळ : या चुका टाळा

अध्यापन आणि तंत्रज्ञान या विषयावर विद्यापीठात परिषद घ्यायची ठरली, की पहिल्या बैठकीचा सगळा वेळ प्रमुख पाहुणे, सभागृह आणि जेवणाची व्यवस्था यांवर जातो आणि संकेतस्थळाचा विषय ‘ते संगणक विभागातली मुले करतील’ एवढ्या वाक्यावर मिटतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या वाक्यात असते. परिषद दोन दिवसांत संपते; निबंध कोणी वाचले, कोणत्या सत्रात वाचले, कार्यवृत्त (वाचलेल्या निबंधांचा संग्रह) कुठे मिळेल, याची नोंद मात्र संकेतस्थळावरच राहणार असते. म्हणून त्याची जबाबदारी आयोजन समितीतील एका नियमित प्राध्यापकाकडे पहिल्या दिवसापासून असावी आणि विद्यार्थी त्यांच्या मदतीला असावेत.

सर्वांत महागात पडणारी चूक डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची आहे. घाईत कोणीतरी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने वर्षभरासाठी डोमेन घेते. वर्ष उलटते, नूतनीकरणाची सूचना त्या व्यक्तीच्या खासगी ईमेलवर येते आणि तोवर ती व्यक्ती दुसऱ्या महाविद्यालयात रुजू झालेली असते. मुदत संपून मोकळा झालेला पत्ता कोणीही विकत घेऊ शकते, त्यामुळे माहितीपत्रकावर छापलेल्या त्याच पत्त्यावर उद्या भलतीच जाहिरात दिसू शकते. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालासाठी मागील पाच वर्षांच्या उपक्रमांचे दुवे गोळा करू लागल्यावर ही हानी लक्षात येते. विद्यापीठाकडे बहुधा अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेमार्फत मिळालेले ‘.एसी.इन’ डोमेन असते; त्याखालीच परिषदेसाठी जागा मागून घ्यावी, पत्त्यात वर्ष घालावे आणि पुढच्या वर्षी जुने पान पुसून त्याच जागी नवे चढवू नये. पत्ता आधीच हातचा गेला असेल, तर संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोध घ्यावा आणि जी पाने सापडतील ती उतरवून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावीत.

नोंदणीसाठी गुगल फॉर्म वापरण्यास हरकत नाही, पण तो कोणाच्या खात्यातून केला आहे हे पाहावे. फॉर्ममधून जोडलेल्या फायली फॉर्म तयार करणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जमा होतात. ते मोफत वैयक्तिक खाते असेल तर १५ जीबीची मर्यादा ऐन अंतिम तारखेच्या सुमारास भरू शकते. फाइल जोडायची तर पाठवणाऱ्यालाही गुगल खात्यात प्रवेश करावा लागतो, ही अट फॉर्मच्या सुरुवातीलाच लिहावी. नोंदणीची यादी ‘दुवा असलेल्या कोणालाही’ दिसेल अशी खुली ठेवून तो दुवा गटात टाकणे ही गंभीर चूक आहे, कारण त्या यादीत सहभागींचे मोबाइल क्रमांक आणि शुल्क भरल्याचे तपशील असतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी विश्वासाने दिलेली माहिती सांभाळणे हे यजमानाचे कामच आहे.

अंतिम तारीख लिहिताना ‘१५ नोव्हेंबर, रात्री १२ वाजेपर्यंत’ असे लिहू नये. ही रात्र १४ ची की १५ ची, हे विचारणारे फोन येत राहतात. ‘१५ नोव्हेंबर, रात्री ११.५९, भारतीय प्रमाणवेळ’ असे लिहिले की प्रश्न उरत नाही.

मराठी सारांश मागवणाऱ्या परिषदांना टंकाची (फाँटची) अडचण हमखास येते. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांत टाइप केलेला मजकूर लेखकाच्या संगणकावर नीट दिसतो, पण संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग होतो, कारण त्या टंकांत देवनागरी अक्षरांचे स्वतःचे संकेतांक नसतात. सारांश युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेल्या प्रमाण पद्धतीतच हवा, हे पहिल्या सूचनापत्रात ठळक लिहावे आणि ताडून पाहण्यासाठी सोबत पीडीएफ मागावी. जुन्या टंकातील फाइल आलीच, तर ती युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तकातून काढल्यावर रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे माणसाने वाचून तपासावीत. ‘वर्षा’ या नावातील रफार शेजारच्या अक्षरावर सरकला आणि प्रमाणपत्र तसेच छापले गेले, तर ते परत करण्याखेरीज त्या सहभागीला पर्याय राहत नाही.

वेळापत्रकाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे. एका परिषदेत तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आलेल्या एक प्राध्यापिका सभागृहाच्या बंद दारासमोर उभ्या राहून, मोबाइलवरची स्कॅन केलेली पीडीएफ दोन बोटांनी मोठी करून पाहत होत्या. सभागृह आदल्या रात्री बदलले होते आणि तो बदल फक्त आयोजकांच्या व्हॉट्सअॅप गटात कळवला होता. त्या योग्य ठिकाणी पोहोचल्या तेव्हा सत्राध्यक्ष आभार मानत होते. वेळापत्रक चित्र म्हणून न चढवता पानावर मजकूर म्हणून लिहावे, म्हणजे स्वतःचे नाव शोधता येते आणि दृष्टिबाधित सहभागींच्या स्क्रीन रीडरलाही ते वाचता येते. वर ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख व वेळ द्यावी. फलकावरचा क्यूआर कोड या पानाचा असावा, फाइलचा नको. फाइल बदलली की अनेकदा तिचा पत्ताही बदलतो आणि छापलेला कोड निरुपयोगी होतो.

माहितीपत्रकात प्रकाशनाची आश्वासने देताना फार जपावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची संशोधन नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यामुळे त्या यादीतील नियतकालिकात निबंध छापण्याचे आश्वासन जुन्या माहितीपत्रकातून तसेच उचलू नये. कार्यवृत्तासाठी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक) हवा असेल तर राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे वेळेत अर्ज करावा. तो विनाशुल्क मिळतो. त्या क्रमांकाच्या नावाखाली लेखकांकडून पैसे घेणे मला गैर वाटते.

शेवटचा मुद्दा कार्यक्रमाचा आहे. अध्यापनातील तंत्रज्ञानाविषयीच्या परिषदेत उद्घाटन आणि सत्कार लांबून निबंधवाचकाला सहा मिनिटे उरावीत, हे फार खटकते. मूडल या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीवर प्रश्नपेढी कशी तयार करायची, हे दोन तास प्रत्यक्ष करून पाहण्याची कार्यशाळा ठेवली तर शिक्षक काही घेऊन परततात. त्या कार्यशाळेची सराव-फाइल आणि सादरीकरणे आठवड्याच्या आत त्याच पानावर चढवावीत, कारण सोमवारी वर्गात जाणाऱ्या शिक्षकाला ती लगेच हवी असतात.