टिडलीविकी शिकवायची असेल तर धडे कसे लिहावेत

मी टिडलीविकीचे धडे लिहिते ते स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींसाठी. पुढची उदाहरणं त्यामुळे पंचायत राजची आहेत. तुमचे विद्यार्थी वेगळे असतील तर उदाहरणं बदला, पण क्रम एकदा हाच ठेवून पाहा.

ज्यांना हे साधन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेरेमी रस्टन यांनी 2004 मध्ये टिडलीविकी लोकांसमोर आणली. तुमची सगळी टिपणं आणि ती दाखवणारा प्रोग्राम, दोन्ही एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असतात. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की काम सुरू. खातं काढायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, इंटरनेटही लागत नाही. पेनड्राइव्हवर नेली तर दुसऱ्या संगणकावरही तशीच उघडते. दोन-तीन वर्षं जपाव्या लागणाऱ्या नोट्ससाठी मला याहून भरवशाची जागा सापडलेली नाही.

टिडलीविकीतल्या एकेका टिपणाला टिडलर म्हणतात. नवशिक्याला आधी 'टिडलर म्हणजे काय' ते समजावण्याचा मोह होतो. तो आवरा. पहिला धडा फक्त सेव्ह करण्याचा असावा. ब्राउझर कुठल्याही पानाला संगणकावरच्या फाइलवर परस्पर लिहू देत नाही. म्हणून साध्या पद्धतीने सेव्ह केलं की बदललेल्या विकीची नवी प्रत डाउनलोड्समध्ये येते आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहते. शिकणारा दुसऱ्या दिवशी जुनी फाइल उघडतो, कालचं लिखाण दिसत नाही, आणि त्याचा या साधनावरचा विश्वास तिथेच संपतो. त्यात बरोबरच्या खुणाही दोन आहेत. टिपणावरची खूण दाबली की फक्त ते टिपण पक्कं होतं. बाजूच्या पट्टीतली गोलातली खूण मात्र अख्खी विकी सेव्ह करते, आणि काही सेव्ह करायचं राहिलं असेल तर ती लाल होते. पहिल्या धड्यात एका ओळीचं टिपण लिहायला लावा, दोन्ही खुणा क्रमाने दाबायला लावा, ब्राउझर बंद करून डाउनलोड्समधली नवी प्रत उघडायला लावा. ती ओळ दिसली की धडा संपला. टिडलीडेस्कटॉप हा वेगळा प्रोग्राम वापरून हा त्रास टाळता येतो, पण ते नंतर सांगा. फाइल कुठे जाते हे आधी हाताला कळलं पाहिजे.

दुसऱ्या धड्यापासून शिकणाऱ्याचा खरा मजकूर घ्या. 'माझं पहिलं टिपण' असल्या नमुन्यांवर कुणी मन लावून काम करत नाही. मी 'मेहता समिती' आणि 'नाईक समिती' अशी दोन टिपणं करायला सांगते. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये गटपातळीवरच्या पंचायत समितीवर भर दिला, तर वसंतराव नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट करायला सांगितलं. एकीबद्दल लिहिताना दुसरीचा उल्लेख येतोच. तो आला की दुव्याची गरज मुलांना आपोआप जाणवते, आणि मग दुहेरी चौकटी कंस शिकवायला एक मिनिट पुरतं.

इथे मराठीत शिकवणाऱ्याने जरा जास्त थांबायला हवं. इंग्रजी धड्यांत मधली अक्षरं कॅपिटल करून शब्द जोडून लिहिला की दुवा आपोआप तयार होतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे तो भाग सरळ गाळा आणि कंसच शिकवा. दुसरी गोष्ट प्रत्ययांची. वाक्यात आपण 'नाईक समितीने', 'नाईक समितीच्या' असं लिहितो, आणि टिपणाचं शीर्षक तर 'नाईक समिती' असतं. म्हणून [[नाईक समितीने|नाईक समिती]] ही रचना मराठी शिकणाऱ्याला दुसऱ्याच धड्यात लागते. आधी दिसणारे शब्द, उभ्या रेघेनंतर शीर्षक. मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना हे मुद्दाम सांगा, कारण तिथला क्रम बरोबर उलटा आहे.

शुद्धलेखनाचाही इथे थेट संबंध येतो. 'समिती' आणि 'समिति' ही टिडलीविकीच्या लेखी दोन वेगळी शीर्षकं. बाजूच्या पट्टीत 'मोअर'खाली 'मिसिंग' नावाची यादी असते. ज्या शीर्षकांना दुवे दिलेत पण टिपणं नाहीत, ती शीर्षकं तिथे दिसतात. ऱ्हस्व-दीर्घाने तुटलेले दुवे तिथे चटकन सापडतात. शीर्षक नंतर बदललं तर इतर टिपणांच्या मजकुरातले दुवे मूळ साधन स्वतःहून बदलत नाही, हेही त्याच धड्यात सांगा.

टॅगचा धडा मला सगळ्यात आवडतो. महाराष्ट्रातल्या चार समित्यांची टिपणं करून त्यांना एकच टॅग द्यायला लावा. टॅगवर क्लिक केलं की यादी येते ती वर्णक्रमाने: काळे, नाईक, पाटील, बोंगिरवार. परीक्षेला हवा असतो कालक्रम: नाईक 1960, बोंगिरवार 1970, काळे 1980, पाटील 1984. मुलं स्वतःच विचारतात, "ही वर्षाप्रमाणे लावता येईल का?" हा प्रश्न येईपर्यंत फील्ड (टिपणाला जोडलेला माहितीचा रकाना) आणि फिल्टर (हवी ती टिपणं निवडून क्रमाने लावणारी ओळ) हे शब्द काढू नका. प्रश्न आला की प्रत्येक टिपणाला 'वर्ष' हे फील्ड जोडायला सांगा. 5.2.0 आवृत्तीपासून फील्डचं नाव मराठीत चालतं. फिल्टरची ओळ तयार द्या, ती चिकटवून चालली की मगच तिचा एकेक तुकडा उलगडा. व्याकरण आधी आणि उपयोग नंतर, या क्रमाने फिल्टर शिकवला तर हुशार मुलंही कंटाळतात.

मॅक्रो, विजेट, नोड जेएस हे सगळं पुढचं तांत्रिक प्रकरण सुरुवातीच्या धड्यांतून बाहेर ठेवा. शंभरेक टिपणं झाल्यावर ज्याला गरज पडेल तो विचारत येईल, आणि त्याच्याकडे तेव्हा स्वतःचा मजकूर असेल.

धडा लिहून झाला की तो कधीच संगणकावर नोट्स न काढलेल्या एखाद्याला द्या आणि शेजारी बसा. बोलू नका, माऊसला हात लावू नका. तो जिथे अडेल, जिथे तुमच्याकडे वळून बघेल, तिथे वहीत खूण करा. बहुतेकदा तिथे आपण दोन कृती एका वाक्यात कोंबलेल्या असतात. ते वाक्य तोडा आणि पुढच्या वेळी धडा दुसऱ्याच कुणाला द्या, कारण पहिला आता नवखा राहिलेला नसतो.