अमेरिकी प्रवासी गाड्यांच्या जुन्या छापील कागदांचा संग्रह कसा करावा

अमेरिकेतील प्रवासी गाड्यांच्या वैभवाच्या काळात प्रत्येक रेल्वे कंपनी स्वतःची वेळापत्रके, मेनूकार्डे, जाहिरातपुस्तिका, दिनदर्शिका आणि सामानावर चिकटवायची लेबले छापत असे. १ मे १९७१ रोजी सरकारी पाठबळाच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीने, म्हणजे अ‍ॅमट्रॅकने बहुतेक कंपन्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या चालवायला घेतल्या, तोवर या कागदांचा प्रचंड ढीग साचला होता. त्यातले सारेच जमवू पाहणाऱ्याच्या घरी संग्रहाऐवजी रद्दी साठते. म्हणून आधी एक गाडी किंवा एक मार्ग निवडावा. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जाणारी ‘कॅलिफोर्निया झेफर’ ही नवख्याला चांगली निवड आहे, कारण ती मूळ रूपात १९४९ ते १९७० एवढ्याच काळात धावली आणि बर्लिंग्टन, रिओ ग्रांडे व वेस्टर्न पॅसिफिक या तीन कंपन्या मिळून ती चालवत असल्यामुळे एकाच गाडीचे वेळापत्रक तिघींच्या कागदांत शोधता येते.

सुरुवात वेळापत्रकांपासूनच करावी. ती प्रवाशांना फुकट वाटली जात, त्यामुळे पुष्कळ शिल्लक आहेत, सामान्य प्रती आजही थोडक्या डॉलरमध्ये मिळतात, आणि मुख्य म्हणजे ती कोणत्या तारखेपासून लागू झाली हे बहुधा मुखपृष्ठावरच छापलेले असते. आतील रकान्यांत बारीक आकडे मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतची वेळ दाखवतात आणि ठळक आकडे दुपारनंतरची. हे ठाऊक नसेल तर गाडी डोंगरांतून दिवसा जाते की रात्री, हेच उलगडत नाही. कर्मचाऱ्यांसाठी छापलेली वेळापत्रके हा मात्र वेगळाच प्रकार आहे. त्यांत वेगमर्यादा आणि चालनाचे नियम असतात, म्हणून दोन्हींची एकत्र मोजदाद करू नये.

जाहिरातपुस्तिकांवर अनेकदा वर्ष नसते. तेव्हा कागदानेच आपले वय सांगावे लागते. प्रथम शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतील छपाईचा क्रमांक पाहावा, कारण त्यातच महिना आणि वर्ष दडलेले असू शकते. पत्त्यात पाच अंकी झिप कोड (अमेरिकी पिनकोड) असेल तर तो कागद १९६३ नंतरचा. शहराच्या नावापुढे केवळ एक-दोन अंकी टपाल विभाग असेल तर तो बहुधा १९४३ ते १९६३ या काळातला. छतावर काचेचा घुमट असलेला डबा चित्रात दिसला, तर पुस्तिका १९४५ च्या आधीची असण्याची शक्यता फार कमी, कारण बर्लिंग्टनने असा डबा त्याच वर्षी प्रथम चालवला. ‘बर्लिंग्टन नॉर्दर्न’ हे नाव तर १९७० च्या विलीनीकरणाच्या सुमाराचे आहे, त्यामुळे त्याच नावाचा कागद चाळीसच्या दशकातला म्हणून कोणी पुढे केला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मेनूकार्डांचा मोह मोठा असतो. ग्रेट नॉर्दर्न कंपनीने विनोल्ड राइस यांनी रंगवलेली ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीच्या लोकांची व्यक्तिचित्रे दिनदर्शिकांवर आणि मेनूंवर छापली, तर न्यूयॉर्क सेंट्रलची १९३८ ची ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड’ हेन्री ड्रेफस यांच्या आरेखनामुळे प्रसिद्ध झाली. तरीही मुखपृष्ठावर भाळू नये. रंगीत वेष्टन कधी कधी वर्षानुवर्षे तेच राहत असे आणि आतला पदार्थ-किमतींचा कागद बदलला जाई; तो आतला कागद नसेल तर मेनू अपुराच समजावा. माझ्या मते गाडीचे नाव आणि तारीख असलेला डागाळलेला मेनू हा निनावी पण कोऱ्या करकरीत मेनूपेक्षा अधिक मोलाचा असतो.

भित्तिपत्रके घेताना भिंग जवळ असावे. मूळ छपाईत बारीक काळी अक्षरे सलग शाईची असतात, परंतु नंतर प्रतिमा घेऊन छापलेल्या नकलेत तीच ठिपक्यांची बनलेली दिसतात. अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा कागद दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा म्हणून विकला जात असेल, तर संशय घ्यावा, कारण कागद उजळवणारी रसायने त्यानंतरच सर्रास वापरात आली.

जतनाचे नियम थोडके आहेत. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ होतो, त्यामुळे तो उष्ण माळ्यावर किंवा दमट तळघरात ठेवू नये. पीव्हीसीची पाकिटे टाळून पॉलिएस्टरची वापरावीत, चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने वर्ज्य करावे, आणि गंजलेल्या पिना ओढून न काढता मागून हळूच उकलाव्यात. कागद कोठून मिळाला, केव्हा मिळाला आणि त्याची तारीख कशावरून ठरवली, याची नोंद वेगळ्या आम्लमुक्त चिठ्ठीवर पेन्सिलने करून ती त्याच पाकिटात ठेवावी.