मामी, चूल पेटंना गेलीय

नणंदेचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. बार्शी रोडला त्यांच्या शेतात त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि संक्रांतीच्या सुट्टीत मित्रांना चुलीवरची भाकरी खाऊ घालायचं ठरवलं. दुपारी त्याचा फोन. "मामी, चूल पेटंना गेलीय. नुसता धूर. डोळ्याचं पाणी थांबंना." काय काय घातलंस म्हणून विचारलं. मांजरा नदीच्या पात्रातून आणलेले तीन गोटे, परवाच तोडलेल्या सुबाभळीचे मांडीएवढे ओंडके आणि पेटवायला कॅरीबॅगा. वर गाडीतलं थोडं पेट्रोल ओतू का, असंही विचारत होता. म्हटलं, आधी ती बाटली बांधावर ठेवून ये, मग बोल.

फोनवर सगळं सांगून होईना, म्हणून लिहून काढते. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. घरात गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरतो. चहा आणि पोरांचा डबा गॅसवर. भाकरी, अंघोळीचं पाणी, म्हशीचं आंबोण चुलीवर. लग्न होऊन आले १९९७ साली, तेव्हापासून दोन्ही वेळा मीच जाळ घालते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच गोष्ट सांगायच्या : "डोळ्याला लागला तो धूर म्हणजे फुकट गेलेलं लाकूड." तेव्हा ती म्हण वाटायची. पण ते शब्दशः खरं आहे. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो आणि तो पेटला की जाळ होतो. लाकडातली बरीचशी उष्णता ह्या वायूतच असते. त्याला पुरेशी आच किंवा हवा मिळाली नाही की तो तसाच बाहेर पडतो, तोच धूर. म्हणजे धूर कमी करायचा म्हटलं की सरपण आपोआप वाचतं, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. साध्या मातीच्या चुलीत शंभरातले दहा-पंधरा भागच उष्णता भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर. विकतच्या सुधारित चुलीसाठी सरकारी मानक आहे, आयएस १३१५२. त्यात साध्या हवेवर चालणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीला ३५ टक्के कार्यक्षमता लागते. तशी घ्यायची तर ह्या मानकाचा शिक्का बघून घ्या. आता आपली मातीची.

भूकंपाच्या आधी, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३च्या आधी, आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छत. स्वयंपाकाच्या खणात वर साणं, म्हणजे छताला ठेवलेलं भोक, त्यातून उजेड खाली यायचा आणि धूर वर जायचा. भूकंपात माळवदं आणि दगडी भिंती माणसांच्या अंगावर आल्या, त्यामुळं परत तसं घर बांधायची कुणाची छाती झाली नाही. नव्या गावठाणात सिमेंटची घरं मिळाली. आत्याबाईंनी सवयीनं आतल्या खोलीत चूल घातली आणि महिनाभरात सगळ्यांना खोकला. स्लॅबला साणं कुठून असणार? शेवटी चूल मागच्या पडवीत गेली. तुम्हीही चूल अशाच जागी घाला : वर पत्रा, दोन बाजू उघड्या, आणि वारा ज्या बाजूनं जास्त येतो त्या बाजूला आडोसा. चुलीचं तोंड वाऱ्याकडं नको. आतच घालायची असेल तर धुराडं लागेल. त्याचा पाइप छपरापेक्षा दोन फूट तरी वर जाऊ द्या, लाकडी आढ्याला किंवा पाचटाला चिकटू देऊ नका, आणि महिन्यातून एकदा काजळी झाडा. काजळी पेटते.

गॅसचं सिलिंडर मात्र चुलीच्या खोलीत अजिबात नको. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत सरकत थेट जाळापर्यंत येतो.

गोट्यांचं आधी सांगते. नदीतला दगड पाणी धरून असतो, तापला की तडकतो, कधी बंदुकीसारखा फुटतो. विटा घ्या. आणि थेट फरशीवर किंवा कोब्यावर जाळ केला तर तोही तडकतो, म्हणून खाली वाळू आणि विटांचा थर द्या. मातीची चूल करायची तर आपली काळी माती एकटी वापरू नका. ती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. शेतात मे महिन्यात बघता ना, तसंच चुलीचं होतं. पांढरी माती मिळवा, गढीच्या ढासळलेल्या भिंतीची असली तर उत्तमच, आणि त्यात गव्हाचा भुस्सा आणि शेण घालून दोन दिवस भिजू द्या. चूल सावलीत वाळवा. घाईनं उन्हात ठेवली की चिरा पडतात. भांडं टेकायला वर तीन उंचवटे ठेवायचे, बोटभर उंचीचे. त्याहून उंच झाले तर जाळ भांड्याखाली न थांबता बाजूनं पळतो, आणि अगदी बुटके झाले तर कोंडतो. जळतं लाकूड आणि भांड्याचं बूड ह्यांत वीतभर अंतर पुरतं. एक गोष्ट आत्याबाईंच्या चुलीत नव्हती, मी घातली : तळाला सळईच्या तुकड्यांची जाळी, दोन वीटतुकड्यांवर टेकवलेली. राख खाली पडते, हवा खालून मिळते, फुंकणीला हात कमी जातो. जाळीखालची राख रोज काढावी लागते, नाहीतर जाळी असून नसल्यासारखी.

सरपणावर जरा थांबते, कारण बाकीचं सगळं नीट करून सरपण ओलं असलं की सगळं वाया. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. दहा किलो ओलं सरपण चुलीत घातलं म्हणजे चार-पाच लिटर पाणी आधी उकळून हवेत सोडायचं, मग आपली डाळ. भाच्याचा जाळ सगळा त्यातच गेला. लाकूड फाल्गुनात फोडा, मनगटाएवढं. आपल्याकडच्या उन्हात ते मृगाच्या आत खडखडीत होतं. फोडणं महत्त्वाचं, कारण सालीतून पाणी लवकर निघत नाही. खाली दगड घालून जमिनीपासून उचलून रचा, आडवं-उभं, मधून वारा खेळेल असं. वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या. ताडपत्रीनं सगळं गुंडाळून ठेवलेलं सरपण आतल्या आत घामेजतं. वाळलं की नाही ते कानाला कळतं : दोन फोडी एकमेकींवर आपटा. खणकन वाजलं तर वाळलं, धप्प वाजलं तर अजून ओलं. टोकाला मधल्या गाभ्यापासून चिरा गेलेल्या दिसतात आणि साल नखानं सुटते.

लाकडांत बाभूळ राणी. जाळ संथ, आणि इंगळ, म्हणजे धगधगते निखारे, तासभर टिकतात. वेडी बाभूळही चांगली जळते, काट्यांचा त्रास तेवढा सोसायचा. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, भडकन पेटतात आणि भुर्रकन संपतात. त्या पेटवायला आणि आधण चढवायला. कपाशीच्या पऱ्हाट्या ह्या दोन्हींच्या मधल्या. पऱ्हाट्यांचा ढीग पुढच्या पेरणीपर्यंत ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातच दडून राहते. आधी पऱ्हाट्या संपवा, बाभूळ पावसाळ्याला राखा. कण्हेरीची फांदी चुकूनसुद्धा चुलीत नको, हुरडा भाजायच्या काडीलाही नको. ते झाड विषारी, धूरसुद्धा. रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूड, टायर, कॅरीबॅगा ह्यांचा धूर अन्नाला आणि छातीला दोन्हींना वाईट. आणि ढिगातून लाकूड ओढताना आधी काठीनं वाजवा. विंचू तुमच्या आधी तिथं राहायला आलेला असतो.

आता पेटवणं. राख काढली. दोन फोडी दोन बाजूंना, मध्ये वीतभर मोकळी वाट. त्या वाटेत मक्याचं वाळकं कणीस किंवा कडब्याची चिपाडं, वर चार-पाच तुराट्या फुलीसारख्या. खालून काडी लावा आणि हात काढून घ्या. इथं माणसं लगेच फुंकायला लागतात. फुंकू नका. तुराट्या धरल्या की बोटाएवढ्या काटक्या, त्या धरल्या की मनगटाएवढी फोड. फुंकायची वेळ आलीच तर फुंकणीचं टोक निखाऱ्याच्या बुडाशी धरा, जाळावर नाही. आणि श्वास घेताना तोंड फुंकणीवरून बाजूला करा. लहानपणी मी एकदा फुंकणीतूनच आत ओढला होता. राख घशात गेली आणि दिवसभर खोकत होते. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर ह्यातलं काहीही, विशेषतः विझत आलेल्या निखाऱ्यावर, ओतायचं नाही. आधी त्याची वाफ होते, मग ती एकदम पेटते आणि धारेवरून हातातल्या बाटलीपर्यंत येते.

जाळ चालू ठेवताना एकट्या लाकडाचा भरवसा नाही, ते विझतं. तीन लाकडं जवळ जवळ ठेवली की एकमेकांना तापवत राहतात. फक्त टोकं आत, बाकी बाहेर. जळतील तशी दोन बोटं आत सारायची. चूल गच्च भरली की हवा कोंडते आणि धूर सुरू. जाळ भांड्याच्या बाजूनं वर आलेला दिसला तर एक लाकूड मागं ओढा, तो जाळ भांड्याला लागत नाहीये. झाकण ठेवा. उकळी आली की जाळ कमी करा. खदखदलं म्हणून डाळ लवकर शिजत नाही, नुसतं पाणी आटतं. हरभरा, मटकी रात्री भिजवा. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या जोडतोंडावर, काहीतरी ठेवलेलंच असू द्या, निदान अंघोळीच्या पाण्याचा हंडा. ती आच नाहीतर अशीच जाते. आणि भांड्याच्या बुडाला राखेचं किंवा मातीचं लेवण लावून मग चढवा, म्हणजे काजळी घासताना हात तुटत नाहीत.

भाकरीचा जाळ वेगळा. बाभळीच्या दोन फोडी अर्धा तास आधी लावून इंगळ करून घ्यायचे. मग जाळ मागं, तव्याखाली, आणि इंगळ चिमट्यानं पुढं, चुलीच्या तोंडाशी पसरायचे. तवा तापला की नाही ते पाण्याच्या थेंबावरून बघा : थेंब नाचला पाहिजे. भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायला लागलं की उलटली. दुसरी बाजू धरली की उचलून इंगळापुढं उभी लावायची, तोंड निखाऱ्याकडं. हळूहळू पापुद्रा सुटतो, भाकरी एका कडेनं फुगत जाते, मग बोटानं फिरवायची. जाळापुढं धरली तर काळे डाग पडतात आणि धुराचा वास येतो. निखाऱ्यापुढं धरली तर शाळूचा वास येतो. हॉटेलांच्या पाट्यांवर जी चुलीवरची चव म्हणतात ती बरीचशी ह्या इंगळाची.

चुलीपुढं बसताना पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा. सुती कपडा पेटला तर जळतो, नायलॉन वितळून कातडीला चिकटतो. जवळ पाण्याची बादली असू द्या. पण कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण. अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही. जमिनीवर लोळायचं, कुणीतरी घोंगडी टाकायची. भाजलं तर आधी बांगड्या-अंगठ्या काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. भाग गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई नको. स्वच्छ सुती कापड सैल टाका. भाजलेलं तळहातापेक्षा मोठं असलं, किंवा तोंडाला, हाताला असलं, तर १०८ला फोन करा.

माझी स्वतःची चूक राखेची. २०१६चा उन्हाळा, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तोच. मार्चमध्ये सकाळी राख काढली, हाताला थंड लागली म्हणून घमेल्यानं उकिरड्यावर टाकली. फुफाटा वरून गार असतो, आत इंगळ जिवंत. दुपारी वारा सुटला आणि उकिरड्यापासून वीस पावलांवरचा कडबा पेटला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पेंढ्या ओढून बाजूला केल्या म्हणून निम्मा वाचला. बाकीचा जळाल्यापायी म्हैस चारा छावणीत न्यावी लागली. मालक, म्हणजे आमचे यजमान, मला एका शब्दानं बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण एक दिवस-रात्र बसते, मग पाणी शिंपडून बाहेर. थंड राख वांग्याच्या झाडांवर टाका, भांडी घासायला वापरा.

थंडीत एक मोह होतो, परभणीकडं तर जास्तच : घमेल्यात विस्तव घेऊन तो खोलीत ठेवायचा आणि दार लावून झोपायचं. धूर दिसत नाही म्हणून भीती वाटत नाही. पण धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही. शेकायचं ते अंगणात शेकोटी करून. आत गोधडी.

रात्री झोपण्याआधी अर्धी जळलेली कोलितं बाहेर ओढून पाणी मारा, नुसती राखेत खुपसून ठेवू नका. आणि सकाळी जाळ घालण्याआधी चुलीत वाकून बघा. पौष-माघात आमची मांजर ऊबेला राखेत गोल होऊन झोपलेली असते, राखेच्याच रंगाची. शेपटी हलली तरच कळतं.