टेप एकोचं प्लगिन शिकताना

टेप एको म्हणजे चुंबकीय टेपवर आवाज लिहून तो थोड्या वेळाने परत ऐकवणारं जुनं प्रतिध्वनी-यंत्र. त्याची नक्कल करणारं प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा छोटा प्रोग्राम, हाताशी आल्यावर कित्येक महिने मी ते साध्या डिलेसारखंच, म्हणजे आवाज ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टसारखंच वापरलं. गाण्याच्या लयीशी जुळवायचं, फीडबॅक (प्रतिध्वनी पुन्हा आत फिरवण्याचं प्रमाण) वाढवायचा, झालं. मग एकदा गायिकेचा शेवटचा शब्द घुमत असताना सहज ‘रिपीट रेट’चा, म्हणजे टेपचा वेग ठरवणारा नॉब डावीकडे फिरवला आणि विरत चाललेला तो शब्द मींड घ्यावी तसा खाली उतरला. तिथे मला हे यंत्र पहिल्यांदा कळलं.

जुन्या यंत्रात एक हेड टेपवर आवाज लिहितं, पुढचं हेड तो वाचतं. समजा दोन्हींत ५ सेंटिमीटर अंतर आहे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावली तर प्रतिध्वनी साधारण १३० मिलिसेकंदांनी येतो; वेग निम्मा केला की वेळ दुप्पट. वेगात लिहिलेला आवाज टेप मंदावल्यावर वाचला जातो, म्हणून स्वर उतरतो. चांगलं प्लगिन ही चालच गणितात उभी करतं.

नव्याने शिकणाऱ्यांनी प्रीसेट (आधीच करून दिलेल्या सेटिंग) बाजूला ठेवून एक टाळीचा आवाज घ्यावा, फीडबॅक निम्म्यावर ठेवावा आणि पहिला व पाचवा प्रतिध्वनी ताडून पाहावा. प्रत्येक फेरीत आवाज पुन्हा टेपवर जातो, त्यामुळे वरची धार आणि खालचा भार झिजतो, मधलं अंग उरतं. टेपची डुलकी म्हणजे वॉव आणि बारीक थरथर म्हणजे फ्लटर, दोन्ही साचत जातात. ही झीज फार मोलाची आहे. तिच्यामुळेच प्रतिध्वनी आपसूक गायकाच्या मागे सरतात आणि शब्द मोकळे राहतात.

माझी चूक म्हणजे मी प्लगिन थेट गाण्याच्या ट्रॅकवर टाकत होतो. त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे टेपवर जास्त जोराने आवाज गेल्यावर येणारा भरडपणा, मूळ आवाजालाही लागायचं आणि सगळं गढूळ व्हायचं. आता सेंडवर, म्हणजे आवाजाची एक प्रत पाठवलेल्या वेगळ्या वाटेवर लावतो, आणि वेट (प्रतिध्वनीचा वाटा) पूर्ण १०० टक्के ठेवतो. इनपुट वाढवून रंग तपासताना आउटपुट तितकाच खाली आणा. मोठा आवाज कानाला उगाचच चांगला वाटतो.

रोलँडच्या १९७४ सालच्या आरई-२०१ स्पेस एकोत वाचणारी तीन हेड होती. त्यावर बेतलेल्या प्लगिनमध्ये ती सारख्या अंतरावर धरली, तर १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) पहिलं १२५ मिलिसेकंदांवर लावल्यावर दुसरं २५० आणि तिसरं ३७५ वर येतं. पहिलं आणि तिसरं एकत्र चालू करून एक साधा गिटारचा ठोका वाजवून बघा, ताल आपोआप विणला जातो.

फीडबॅक एका टप्प्यापुढे नेला की यंत्र स्वतःच गुंजायला लागतं आणि आवाज चढतच जातो. त्याआधी पुढे लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारा इफेक्ट) लावा, हेडफोन उतरवा. मी त्या गुंजनावर नॉब हाताने फिरवत रेकॉर्ड करतो, आणि दहा मिनिटांतले चार सेकंद गाण्यात ठेवतो.